पाठमोऱ्यांना मी काय केलं

लाडकीबाय नसत्या तर मी सातवीनंतर शाळा सोडली असती. घराण्यातला पहिला पदवीधर म्हणून गावच्या सप्ताहात माझा सत्कार झाला तेव्हा मी आईवडिलांचे, मुख्याध्यापकांचे, कॉलेजातल्या सरांचे आभार मानले. लाडकीबायचं नाव घेतलं नाही. ते मी आज, या दिवाळी अंकात, पहिल्यांदा घेतो आहे.

आमचं गाव भिवंडीजवळच्या पडघ्यापासून आत, डोंगराच्या अंगाला. गावात शाळा सातवीपर्यंत. पुढं शिकायचं तर तासभर चालून पडघ्याला जायचं, आणि वाटेत एक खिंड, दाट झाडीची. मी भित्रा होतो. आठवीच्या पहिल्याच आठवड्यात दोनदा अर्ध्या वाटेवरून परत आलो. वडील म्हणाले, "नसंल जमत तं ऱ्हाऊ दे शाळा. म्हशी हायेत घरी." ते रागानं बोलले नव्हते. त्यांना खरंच तसं वाटत होतं.

लाडकीबाय खिंडीवरच्या पाड्यावर राहायच्या. लावणी-कापणीला आमच्या शेतावर यायच्या आणि एरवी लाकडाची मोळी घेऊन पडघ्याच्या बाजारात जायच्या. त्या वडिलांना म्हणाल्या, "मी जातेच हाय रोज. घिऊन जाईन पोराला." खिंडीच्या तोंडाशी एक उंबर होता. तिथं त्या थांबायच्या. डोक्यावर मोळी, पुढं त्या, मागं मी. जवळजवळ दीड वर्ष. चालताना गोष्टी सांगायच्या. वाघ कुणाला ओळख देतो, पाणी रात्री कुठं झोपतं, असलं काहीबाही. मी आज गोष्टी सांगून पोट भरतो. त्याचं शिक्षण मला त्या वाटेवर मिळालं, कॉलेजात नाही.

एक कबुली इथंच देतो. आमच्याकडं रोजावर येणाऱ्यांना अहोजाहो करायची रीत नव्हती. त्या माझ्या आईपेक्षा मोठ्या, तरी मी त्यांना "ए लाडकीबाय, तू" असंच म्हणायचो. इथं "त्या" लिहितो आहे ते आताचं शहाणपण.

संपादकांनी पान दिलं आहे ते माझ्या कामाबद्दल लिहायला, तर ते सांगतो. मी ऐकायच्या मालिका लिहितो. फोनवर एक ॲप असतं, त्यात रोज दहा-बारा मिनिटांचा एक भाग येतो. ऐकणारे कोण? रात्रभर गाडी हाकणारे ड्रायव्हर, गेटवर बसलेले वॉचमन, पोळ्या लाटणाऱ्या बायका, आणि आमच्या भिवंडीत मुख्यतः गोडाऊनमध्ये पॅकिंग करणाऱ्या मुली. त्यांचे हात टेप मारत असतात, कान मोकळे असतात. मी स्वतः दापोड्याच्या एका गोडाऊनमध्ये सहा वर्षं खोक्यांवरचे नंबर स्कॅन केले आहेत, त्यामुळं कंटाळलेल्या कानाला काय लागतं ते मला कळतं.

धंद्याचं गुपित एवढंच. नायकाचा हात दाराच्या कडीवर ठेवायचा आणि भाग संपवायचा. दार उघडायचं उद्या. दुसरं गुपित शत्रूचं. एक दुष्ट राजा घेतला तर तो कधीतरी मरतो, मग दुसरा आणावा लागतो. पण अख्खी जमातच शत्रू केली की ती संपत नाही. ॲपच्या मराठी विभागाच्या मॅडम बाहेरगावच्या ऑफिसातून फोनवर बोलायच्या. त्यांनी सुरुवातीलाच बजावलं होतं, "त्यांची चूल दाखवू नकोस, दिनेश. चूल दिसली की ऐकणाऱ्याला दया येते."

मी त्यांची चूल दाखवली नाही. मी त्यांना फक्त उभं केलं.

मालिकेचं नाव होतं 'धुक्याचा किल्लेदार'. नायक अर्कवीर, आणि शत्रू पाठमोरे. पहाटेच्या धुक्यात वेशीवर ओळीनं उभे राहणारे लोक. सगळ्यांची तोंडं पलीकडं. हाक मारली तर ओ देत नाहीत, अंगावर येत नाहीत, नुसते पाठ करून उभे असतात. आणि ते उभे राहिले की गावात कुणीतरी मरतं. पहिल्याच भागात एक लहान मुलगा त्यांना खिंडीतल्या उंबरापाशी बघतो आणि धावत येऊन गावाला सांगतो. तिथून अर्कवीर तलवार उचलतो ती तीनशे भाग खाली ठेवत नाही.

हे डोक्यात कुठून आलं, असं मला ऐकणारे विचारायचे. मी म्हणायचो, सुचलं. मला खरंच तसं वाटायचं. माणूस स्वतःला किती बेमालूम फसवू शकतो याचा मी चांगला नमुना आहे.

मालिका चालली. पडघ्याच्या एका ढाब्यावर एक ट्रक ड्रायव्हर माझा आवाज ओळखून उठून उभा राहिला. म्हणाला, "साहेब, तुमच्यामुळं मी घाटात लघवीला थांबत नाही. बाटली ठेवतो." याहून मोठं पारितोषिक मला मिळालेलं नाही. दापोड्याच्या एका कपड्यांच्या गोडाऊनमध्ये दुकानांत उभे करायचे प्लॅस्टिकचे पुतळे आले होते. जागा वाचावी म्हणून कुणीतरी ते भिंतीकडं तोंड करून ओळीनं लावले. दुसऱ्या दिवशी सकाळच्या शिफ्टच्या एकाही मुलीनं त्या भागात पाऊल टाकलं नाही. सुपरवायझर चिडून म्हणाला, "अगं प्लॅस्टिक आहे ते!" एक जण म्हणाली, "सर, तुमी फिरवा त्यांना, मंग आमी जातो." तो फिरवायला गेला. दोन फिरवले आणि बाहेर आला. बाकीचे त्यानं ताडपत्रीनं झाकले. मला हे त्यानंच सांगितलं, हसत. मीही हसलो. घरी येताना मात्र मला त्या ताडपत्रीखालच्या पाठी दिसत राहिल्या.

मी लिहायचो आणि वाचायचोही मीच. रेकॉर्डिंग नसीमभाईंकडं व्हायचं. नसीमभाई जुने यंत्रमागवाले. धंदा बसला तेव्हा त्यांनी माग भंगारात काढले आणि कारखान्याच्या ऑफिसच्या खोलीला चारी बाजूंनी जुन्या गोधड्या ठोकून आवाजाची खोली केली. शेजारचे माग भिंतीतून धडधडायचे, म्हणून आमचं काम शुक्रवारी. आमच्या गल्लीतले माग शुक्रवारी बंद असतात. जिथं माणसं ओरडूनच बोलतात तिथं एक दिवस सगळं थांबतं, आणि ती शांतता कानाला दडे बसल्यासारखी लागते.

पाठमोऱ्यांच्या आवाजासाठी मी एक युक्ती काढली होती. त्यांचं वाक्य आलं की मी माइककडं पाठ करायचो आणि गोधडीच्या भिंतीशी बोलायचो. आवाज भिंतीला लागून परत यायचा, लांबून, तोंड नसल्यासारखा. ऐकणाऱ्यांना ही युक्ती फार आवडली. मला अभिमान होता तिचा.

दर रेकॉर्डिंगनंतर नसीमभाई अर्धं मिनिट रिकाम्या खोलीचा आवाज घ्यायचे. दोन वाक्यांमधली फट पूर्ण मुकी असली तर कानाला खटकते, म्हणून तिथं त्याच खोलीची शांतता भरायची. ते अर्धं मिनिट मी न हलता उभा राहायचो. एका शुक्रवारी त्यांनी हेडफोन काढून माझ्याकडं पाहिलं.

"भाई, तुम घूमे थे क्या?"

"नाही. माइकसमोरच होतो."

"सुनो."

मी ऐकलं. खोलीची शांतता, आणि तिच्यात एक श्वास. मंद, लांबचा, भिंतीला लागून आलेला. पाठ करून उभ्या माणसाचा.

"तुम्हारी ही साँस होगी," नसीमभाई म्हणाले आणि ते अर्धं मिनिट त्यांनी पुसून टाकलं. परत घेतलं. परत ऐकलं नाही.

शेवटचे दहा भाग राहिले होते. शेवट ठरलेला होता, मॅडमनी मंजूर केलेला. अर्कवीर पाठमोऱ्यांना त्यांच्या दरीत कोंडतो आणि दरी पेटवतो. भागांखाली लोक लिहीत होते: जाळा एकदाचं. एकालाही सोडू नका. तेव्हा ॲपवर माझ्या नावानं एक आवाजी निरोप आला. मुलीचा आवाज, मागं खोक्यांना टेप मारल्याचा चर्र आवाज.

"दादा, मी सुरेखा. दापोड्याला गोडाऊनला हाय, पॅकिंगला. तुमची मालिका मी घरी गेल्यावर आज्जीला पन ऐकवते. तिला आता दिसत न्हाय. आज्जीनी इचारलाय, ती पाठमोरी उभी ऱ्हातात त्यांना शेवटाला जाळनार का? तिचा जीव लागून ऱ्हायलाय. ती म्हनते, ह्यो खिंडीतला उंबर मला म्हाईत हाय, त्या पोराला पन म्हाईत हाय. तिचं नाव लाडकी."

चार दिवस मी उत्तर दिलं नाही. पाचव्या दिवशी दुपारच्या सुट्टीत गोडाऊनच्या गेटवर जाऊन उभा राहिलो.

सुरेखा वीस-बावीसची, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र. मला बघून तिनं तोंडावर हात ठेवला. "तुमी? आवाजात लय मोठं वाटता. दिसायला बारीकच हाव."

"सगळे असंच म्हणतात."

"आज्जीला सांगनार न्हाय मी. तिला वाटतंय तुमी उंच झालाव."

चहाच्या टपरीवर बसलो. मी विचारलं, आज्जीला राग आला का? ती म्हणाली, "राग न्हाय. पन ती म्हनते, ह्या पोरानं सगळा बराबर बगला आनि उलटा सांगला."

"उलटं म्हणजे?"

"तुमी म्हनता, ती उभी ऱ्हायली का मानूस मरतो. तसा न्हाय. मानूस मेला का ती उभी ऱ्हातात." तिनं माझ्याकडं पाहिलं. मला खरंच ठाऊक नाही हे तिच्या ध्यानात आलं, तेव्हा ती हळू बोलू लागली. "आमच्यात मयत झाली का दिवस-कार्य होईपरत कुनी दुसऱ्याच्या तोंडाकडं बगायचा न्हाय, बोलायचा न्हाय. मयत डोळ्यात ऱ्हाते म्हनतात. ज्याच्याकडं बगू त्याच्या मागं जाईल. म्हनून वाटंला कोन आला का आपुन पाठ करायची."

"म्हणजे समोरच्यासाठी?"

"मंग कुनासाठी? आपल्याला तं झालंच हाय."

दुसऱ्या पाड्यांवर ही रीत आहे का, मला माहीत नाही. खिंडीवरच्या पाड्यावर होती. आणि पंचवीस-एक वर्षांपूर्वी एका सकाळी मी ती पाहिली होती.

मी नववीत होतो. सहामाही परीक्षेचा पहिला पेपर. खिंडीच्या तोंडाशी एवढं धुकं की पायाखालचा दगड दिसत नव्हता. वळणावर आलो आणि आधी मला झाडं वाटली. मग कळलं, माणसं आहेत. वाटेच्या दोन्ही बाजूंना, बारा-पंधरा जण, बाया-बाप्ये, एक लहान पोरगीसुद्धा. सगळ्यांच्या पाठी माझ्याकडं. कुणी हलत नव्हतं. हातापायांना ओली माती लागलेली. मी त्यांच्या मधून चाललो, कारण वाट तीच होती. कुणी खोकलं नाही, कुणी वळलं नाही. मला माझ्या दप्तरातल्या कंपासपेटीचा आवाज ऐकू येत होता. रांगेच्या शेवटी, उंबराखाली, लाडकीबाय होत्या. त्यांचीही पाठ माझ्याकडं. मी हाक मारली, "लाडकीबाय!" त्यांनी ओ दिली नाही. न वळता त्या हळूहळू चालू लागल्या. पडघ्याच्या दिशेनं.

मी पळालो. उलट्या दिशेनं, त्या सगळ्या पाठींमधून, घरापर्यंत.

आता टपरीवर बसून सुरेखाकडून मला बाकीचं कळत होतं. आदल्या रात्री लाडकीबायंचा थोरला मुलगा तापानं गेला होता. पहाटे त्याला पुरून पाड्यावरची माणसं परतत होती. "तुमची परीक्षा होती ना त्या दिवशी? आज्जीला म्हाईत होता. म्हनते, पोरगा वाटंला अडकंल म्हनून मी गेले."

त्या सकाळी त्यांच्या डोक्यावर मोळी नव्हती. हे मी तेव्हाच पाहिलं होतं. बाजारात काही काम नसताना, मुलाला मातीत ठेवून आल्यावर, त्या फक्त मला शाळेत सोडायला आल्या होत्या. बघता येत नव्हतं, बोलता येत नव्हतं, म्हणून पुढं चालत होत्या, मागच्याला गाठता येईल इतक्या हळू.

मी घरी जाऊन काय सांगितलं ते सुरेखाला माहीत नव्हतं. ती म्हणाली, "गावात कुनीतरी काय तरी सांगितला म्हनं. मंग लोक आलं न् आज्जीची झोपडी मोडली. आज्जी मंग आमच्या पाड्यावर आली, तिच्या भावाकडं, माज्या आज्याकडं." तिची सुट्टी संपली. जाताना तिनं पुन्हा विचारलं, "मंग काय सांगू? जाळनार?"

मी म्हटलं, "नाही सांग."

गावात सांगणारा तो कुणीतरी मी होतो. धापा टाकत ओट्यावर बसलो आणि वडिलांना, शेजाऱ्यांना सांगितलं, "ती माणसं माणसं न्हायत. लाडकीबाय पन न्हाय." मी खोटं बोललो नव्हतो. पाहिलं ते सांगितलं. त्या वर्षी गावात दोन पोरं तापानं फणफणली होती, आमची एक म्हैस मेली होती. लोकांना कारण हवं होतं, ते मी दिलं. दोन दिवसांनी गावातली माणसं काठ्या घेऊन खिंडीवर गेली. मी ओट्यावरून त्यांना जाताना पाहिलं आणि येताना पाहिलं. एकाच्या हातात लाडकीबायंच्या दाराचा विणलेल्या काटक्यांचा कूड होता. सरपणाला आणला होता त्यानं.

तेव्हा मला शंका आली होती. चौदा वर्षांचा मुलगा अगदीच अजाण नसतो. ज्या बाईनं दीड वर्ष मला सांभाळून नेलं ती एका सकाळीत बदलली कशी, हे मी कुणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर म्हशी राखाव्या लागल्या असत्या. कारण खिंड आता वाईट ठरली होती, आणि वडिलांनी मला भिवंडीच्या वसतिगृहात घातलं होतं. तिथं दिवे होते, वाचनालय होतं. मी पदवीधर झालो तो आधी लाडकीबायंच्या पायांनी आणि नंतर त्यांच्या मोडलेल्या झोपडीवरून.

शुक्रवारी मी नसीमभाईंना हे सगळं सांगितलं. त्यांनी गोधडीतला एक सुटलेला धागा ओढून तोडला. मग म्हणाले, "बच्चे ने जो देखा वो बोला. गाँव ने जो सुना वो किया. अर्कवीर बेचारा भी सुनी हुई पर ही तलवार चला रहा है. तो गुनाह किसका?"

"मला तेच कळत नाही."

"मेरे को लगता है," ते म्हणाले, "जिसको पूछने का मौक़ा था और नहीं पूछा, उसका."

मी शेवटचे दहा भाग नव्यानं लिहिले. त्यात अर्कवीर एका पाठमोऱ्या म्हातारीच्या मागं चालत तिच्या घरापर्यंत जातो, ती कुणासाठी रडते आहे ते बघतो आणि परत येऊन पहिल्या भागातल्या त्या मुलाला शोधतो. मॅडमचा फोन अर्ध्या तासात आला.

"हे काय आहे? तीनशे भाग लोक हीरोच्या बाजूनं होते. आता तो चुकला म्हणायचं?"

"तोही चुकला, ऐकणारेही चुकले. आणि मी."

"दिनेश, ते लोक अस्तित्वातच नाहीत. काल्पनिक लोकांवर अन्याय झाला म्हणून कोण रडणार आहे?"

 उत्तर मला दोन दिवसांनी सुचलं. आमच्या गावानंही पाठमोरे पाहिले नव्हते. काठ्या घेऊन गेले त्यांच्यातल्या एकानंही त्या सकाळी खिंडीत पाऊल टाकलं नव्हतं. त्यांनी फक्त एक गोष्ट ऐकली होती, माझ्या तोंडून. काल्पनिक लोकांचा द्वेष करायला कुणाचं काही जात नाही, म्हणून तो हाताला सहज बसतो. मग हात रिकामा राहत नाही. मी हे फोन करून सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "छान आहे, लेखात लिही." त्या वाईट नाहीत. त्यांच्या वरही कुणी आहे.

माझे भाग घेतले नाहीत. ठरलेला शेवट दुसऱ्या कुणाकडून लिहून घेतला. मला वाटलं, वाचणार कोण? मी तर वाचणार नाही. शुक्रवारी नसीमभाईंनी फोन पुढं केला. शेवटचा भाग आला होता. माझ्या आवाजात.

तीनशे भागांचा माझा आवाज कंपनीकडं होता. त्यावरून यंत्रानं नवा आवाज घडवला होता. करारात तसं कलम होतं, आणि मी ते वाचलं होतं, खोटं कशाला सांगू. मी बसून ऐकलं. मी कधीही न उच्चारलेली वाक्यं मी वाचत होतो. दरीच्या तोंडाशी पालापाचोळा रचला, मशाल लावली. जिथं मी थांबतो तिथं तो थांबत होता, जिथं माझा घसा दाटतो तिथं त्याचा दाटत होता. मग ज्वाळांतून पाठमोऱ्यांचा आवाज आला. लांबून, भिंतीला लागून. यंत्राला पाठ नसते. तरी त्यानं पाठ केली होती.

"बंद करूँ?" नसीमभाईंनी विचारलं.

मी शेवटपर्यंत ऐकलं. खाली लोकांनी टाळ्यांची चित्रं टाकली होती.

दुसऱ्या दिवशी सुरेखाचा निरोप आला. "आज्जीनी ऐकला. फोन बंद कर म्हनली." बस, एवढाच.

यंत्र बोललं, मी नाही, असं तिला कळवणं सोपं होतं. मी फोन उचललाही. पण त्या शेवटात माझी नसलेली फक्त वाक्यं होती. आवाज माझा होता, पाठमोरे माझे होते, ओट्यावरचं ते पहिलं वाक्यही माझं होतं. म्हणून मी कागद घेतला. सुरेखानं वाचून दाखवावं म्हणून पत्र सोपं लिहिलं. गेल्या आठवड्यात ते तिच्या हातात दिलं. त्याची प्रत इथं देतो आणि थांबतो.

लाडकीबाय यांना,

मी दिनेश, उंबराखाली भेटायचा तो. पत्र तुमची नात वाचते आहे. सुरेखा, तुलाही यातलं काही नवीन असेल. तरी सगळं वाच, काही गाळू नको.

आमच्या गावच्या लोकांना खिंडीतल्या सकाळचं सांगणारा मी होतो. दुसरं कुणी नाही. मी म्हणालो की तुम्ही माणूस नाही. म्हणून ते लोक आले. तुमचं घर मोडलं तेव्हा मी आमच्या ओट्यावर होतो आणि मला शंका आली होती. मी विचारलं नाही, कारण मला भिवंडीला शिकायला जायचं होतं.

त्या दिवशी तुम्ही मला परीक्षेला न्यायला आला होता, हे मला आता कळलं. तो पेपर मी दिला नाही.

मालिकेत जाळल्याचं तुम्ही ऐकलं. ती वाक्यं मी लिहिली नव्हती, पण गोष्ट मी सुरू केली होती आणि तीनशे दिवस तुमच्या लोकांना वाईट म्हणून मी कमावलं. त्यामुळं मी नव्हे असं म्हणत नाही. तुम्ही माफ करावं म्हणूनही हे लिहिलेलं नाही.

येत्या अमावास्येला गावात देवळापुढं बैठक आहे. मी बोलायची परवानगी घेतली आहे. वडील म्हणतात, जुनं कशाला उकरतोस, त्यातले निम्मे लोक मेले. पण निम्मे आहेत. कूड नेणाराही आहे. त्यांच्यासमोर मी सांगणार आहे की तुम्ही लोक वाटेवर का उभे होता, त्या दिवशी तुमच्या घरी काय झालं होतं आणि मी काय बोललो. तुम्ही यावं असा आग्रह नाही. नाही आलात तरी मी सांगणार.

एक मात्र मला सांगा. दीड वर्ष मी तुमच्यामागं चाललो, तुम्ही मला इतकं सांगितलंत, आणि मी तुमच्या घरात कोण आहे ते एकदाही विचारलं नाही. बैठकीत "तिचा एक मुलगा मेला होता" असं मला म्हणायचं नाही. सुरेखाजवळ निरोप द्या.

त्याचं नाव काय होतं?

दिनेश